दारातल्या पितळी पट्टीचा हट्ट

मित्रांनो, दारात गालिचा जिथे संपतो, तिथे त्याची कड दाबून बसलेली मी एक जुनी पितळी पट्टी आहे. लोक मला दिवसभर तुडवतात आणि कौतुक मात्र गालिच्याचे करतात. करोत बापडे! मी सुटले की मग त्यांना माझी आठवण होते.

कारखान्यात मला कापले, घासले, भोके पाडली. पुढची कितीतरी वर्षे मी लाकडी जमिनीच्या घरात काढली. तिथे चार खिळ्यांत माझे भागत असे. मग घर बदलले. नव्या घराची जमीन काँक्रीटची, ती खिळ्यांना दाद देईना. दोन खिळे वाकल्यावर घरच्या मुलाने कंटाळून धुळीवरच गोंद ओतला आणि मला चिकटवून टाकले.

धुळीला चिकटलेली मी कितीशी टिकणार? आठवड्याच्या आत माझे एक टोक उचलले गेले आणि गालिच्याची कड वर आली. मुलाच्या वडिलांना अंधुक दिसायचे. माझा गार स्पर्श पायाला झाला की खोली संपली, हे त्यांना कळे. त्या दिवशी त्यांचा अंगठा कडेत अडकला आणि ते धाडकन पडले.

"ही पट्टी भंगारात टाकतो," मुलगा म्हणाला. "आणि बाबा, यापुढे माझा हात धरल्याशिवाय खोलीबाहेर पडायचं नाही."

मला असा संताप आला! चिकटवले ह्याने, आणि भंगारात मी? पण बाबा माझ्याहून तापट निघाले.

"पट्टी इथेच राहील आणि मी एकटाच चालेन. एकदा पडलो म्हणून काय पाय गहाण टाकू?"

हे ऐकून सून उठली आणि शेजारून ड्रिल मागून घेऊन आली.

"बाबा, तुम्ही पट्टी धरा. मी भोकं पाडते."

काय तो आवाज! सुनेचे केस धुळीने पांढरे झाले. तिने भोके ब्रशने साफ केली, त्यांत प्लास्टिकचे प्लग ठोकले, गालिच्याची कड ताणून माझ्याखाली सारली आणि स्क्रू आवळले. बाबांनी माझ्यावरून बोट फिरवले.

"मधला जरा वर आलाय. अजून पिळ."

मग ते उभे राहिले. मुलाने हात पुढे केला.

"हात मागे घे," बाबा म्हणाले.

त्यांच्या पायाने मला शोधले. सगळा भार माझ्यावर टाकून ते क्षणभर थांबले. मी तसूभरही हलले नाही. ते पलीकडे गेले. मुलगा दोन्ही हात पुढे करून चोरपावलांनी मागून निघाला. थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून आवाज आला, "चहा कोण पाजतंय मला?"

मित्रांनो, आमचे स्क्रू अधूनमधून आवळत जा. कडेची धूळ झाडत जा. आणि घरात कुणी पडले, तर आधी त्यांच्या पायाखालचे नीट करा, त्यांचे चालणे बंद करू नका. कुणी तसे करू पाहिलेच, तर मी इथे दारातच आहे.