कुंकवाचा प्लस

रामरावांची जुनी मॉरिस गाडी यवतमाळात सगळ्यांच्या ओळखीची होती. अर्ध्या गावाने तिला कधी ना कधी धक्का मारला होता. अखेर पुण्याच्या पुतण्याने तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा पाठवला. त्याला प्लस-मायनस उलटं लागलं, की चाबी फिरताच डबा जळणार.

तो बसवणाऱ्या तमन्नाला भीती डब्याची कमी, अब्बांची जास्त होती. हात थरथरायला लागल्यापासून अब्बा, म्हणजे अब्दुल गनी, स्टुलावर बसून गॅरेज चालवत, म्हणजे तिला न्याहाळत. सकाळीच बजावलं होतं, "हा डबा जळला तं उद्यापासून गॅरेज जीशान पाहीन." जीशान तिचा चुलतभाऊ, पान्ह्यापेक्षा मोबाइल जास्त धरणारा, पण मुलगा.

प्लस-मायनस दाखवणारं मीटर काढायची सोय नव्हती. गिऱ्हाइकासमोर मीटर म्हणजे हात कच्चा असल्याची कबुली, हा अब्बांचा कायदा. मग तिने नुसतं डोळ्यांनी पाहिलं. बॅटरीवरच्या खुणा झिजलेल्या, पण बॉडीला जोडलेलं टोक लालभडक. लाल म्हणजे प्लस. जुन्या मॉरिसमध्ये प्लसच बॉडीला असतं, हेही तिने ऐकलेलं. त्याच हिशेबाने तिने डब्याच्या तारा जोडल्या.

रामराव सीटवर बसले. "मारू काय चाबी? का मुहूर्त पाहून राह्यली?"

"थांबा काका, बॅटरीचा क्लॅम्प आवळते."

तिची बोटं लाल झाली. पेंट असा निघत नाही.

"काका, बॅटरीले काय लावलं हे?"

"आमच्या विमलनं दसऱ्याले कुंकू लावलं. म्हने, गाडीचा जीव तिच्यातच हाय."

म्हणजे तो लाल रंग प्लसची खूण नव्हताच. रामरावांची बोटं चाबीशी चाळा करत होती. मागे स्टूल करकरलं.

"चाबी सोडा!" ती ओरडली आणि तिने खण उघडून मीटर काढलं.

"गनीभाई, पोरीले डाऊट आला!"

तिने मीटरची टोकं टेकवली. कुंकवाचं टोक मायनस निघालं. आधीच्या कुण्या मिस्त्रीने गाडीची बॅटरी उलटवून ठेवली होती. तिने डब्याच्या तारा सोडल्या, अदलाबदल केली. "आता मारा."

मॉरिस एका दमात सुरू झाली. रामराव टोमणा मारायचंच विसरले.

अब्बा उठून बॉनेटशी आले. "उलटं जोडलं होतं?"

"हो."

त्यांनी मीटर उचलून तिच्या हातात दिलं.

"उद्या मुकुटबनची जीप येऊन राह्यली," ते म्हणाले. "तिले बी आधी मीटर लाव. मंग पान्हा."