गोविंदाची उजळणी

“पप्पा, परत चुकलास तू.”

“मग मार,” म्हणत गोविंदाने हात पुढे केला.

रविवारची दुपार. कासू गावातल्या घरात तो मांडी घालून बसलेला, पुढ्यात सातवीतल्या लेकीची, अपेक्षाची, वही. धाटावच्या कंपनीत चौदा वर्षं त्याने ड्रम ढकलले. आता साहेबांचं फर्मान निघालं होतं: शिफ्टची नोंद इंग्रजीत लिहील तो ऑपरेटर, बाकीच्यांनी ठेकेदाराकडे जायचं. प्रेशर, वॉल्व्ह, लीकेज असे रोजचेच तीस शब्द. तोंडाने शंभरदा बोलायचे, पण स्पेलिंग लिहायला बसला की गडी गार. आणि कंपनीतली परीक्षा उद्यावर आलेली.

त्याच्या मते यावर इलाज एकच. शाळेत गुरुजींचा नेम होता, ज्याची चूक त्यानेच बांधावरचा निरगुडीचा फोक तोडून आणायचा. तोच नेम त्याने घरी चालवला. पाढे चुकले की अपेक्षाला, भाजी खारट झाली की बायकोला, अनिताला, फटके. फोक आणायला लेकीलाच धाडायचा. आज मात्र सकाळी स्वतः जाऊन तोडला आणि तिच्या हातात दिला.

पहिला फटका अपेक्षाने नुसता टेकवला.

“माशी मारतेस काय? जोरात हाण. त्याबिगर माझ्या टाळक्यात शिरत नाय.”

दुसरा जरा लागला. गोविंदा खूश झाला, शब्दही दोन बरोबर आले. चौथ्या चुकीला तळहातावर वळ उठला. पाचव्या चुकीला फोक पडायला लागला तो थांबेचना. तळव्यावर, मनगटावर, दंडावर. त्याने हात मागे घेतला तर खांद्यावर, मग तोंडावर. ओठ घट्ट मिटून पोर मारत सुटली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कानाची पाळी फाटून वहीवर रक्त सांडलं.

गोविंदाने तिचं मनगट धरलं. दुसरा हात सवयीने वर गेला, पण ही मागे सरली नाही की डोकं झाकून बसली नाही. तिच्या डोळ्यांत बघून त्यालाच भ्यायला झालं.

“अनिता,” त्याने चुलीकडे हाक टाकली, “बघतेस काय गो? आवर तिला.”

लेकीला मार बसायचा तेव्हा अनिता धावत मध्ये पडायची आणि तिचा वाटाही खायची. आज तिने मानही वळवली नाही. तव्यावरची भाकरी परतली.

“किती शब्द रायले गो, अपेक्षा?”

“सात.”

“मग ते सातपण होऊ दे पुरे.”

आपल्याला सोडवायला कुणी येणार नाही, हे गोविंदाला कळलं. या दोघींनी इतकी वर्षं कुणाची वाट बघितली असेल, हेही त्याच वेळी मनात आलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने मनगट सोडलं. बाहीने वही पुसली. पुढचा शब्द लिहिला आणि लेकीकडे सरकवला.

तिने तो दोनदा वाचला. शब्द बरोबर होता. तरी तिने फोक खाली ठेवला नाही.