चंदरमामांचा शंख

“बाई, निघाला का माझा शंख?”

अंधेरीच्या कॉलेजात सोमवारी सकाळी भूशास्त्राची प्रयोगशाळा उघडताच चंदरमामांनी विचारलं. प्राध्यापिका वनमाला बीकरपुढे उभी होती. तळाशी नुसता करडा गाळ होता.

चंदरमामा मढच्या कोळीवाड्यातले. सव्वीस वर्षं इथे शिपाई. कपाटातल्या दगडांची धूळ ते पुसत. प्रत्येक दगडाखालच्या चिठ्ठीवर संग्राहक म्हणून कुणा ना कुणा प्राध्यापकाचं नाव असे. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत तामिळनाडूला सहल गेली, तेव्हा चुनखडीच्या एका खाणीत त्यांनाही दगड गवसला. आत जीवाश्म झालेला अख्खा शंख. येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. त्याआधी शंख कपाटात जावा म्हणून वनमालेने त्यांच्या नावाची चिठ्ठीही लिहून ठेवली होती.

त्याच खाणीतला तिचा एक शंख आम्लात सुंदर मोकळा झाला होता. भोवतीची चुनखडी विरघळली, आम्लात न विरघळणाऱ्या गारगोटीचा झालेला शंख तेवढा राहिला. हाही तसाच असणार, असं ती धरून चालली आणि शनिवारी घाईने दगड आम्लात सोडून ती घरी गेली. विद्यार्थ्यांना ती दरवर्षी बजावायची: आधी शंखावर सुरीचं टोक ओढा. ओरखडा उठला तर शंखही चुन्याचाच, आम्लात जाईल. स्वतः तिने सुरी हातातही घेतली नव्हती.

शंख आतून भुसभुशीत निघाला, असं सांगता आलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं.

“चंदरमामा, तो विरघळला. मी आधी तपासायला हवं होतं. तपासलं नाही.”

ते बीकरवर वाकले. “सगला?”

“सगळा.”

“भरती पन येवडा साफ नाय करत, बाई.” ते हसले. तिला हसता आलं नाही.

तिने खणातून तो मोकळा झालेला शंख काढला. “हा ठेवू या. चिठ्ठी तुमच्या नावाची.”

“ह्यो कोनाला गावला?”

“मला.”

“मंग तुमचाच नाव लिवा. दुसऱ्याच्या जाल्यातला म्हावरा मी माझा म्हनू काय?”

त्यांनी बीकर उचललं.

“राहू द्या. मी धुते.”

“शुक्रवारपरेंत माझा काम हाय.”

त्यांनी बीकर नळाखाली तीनदा विसळलं, मग एकदा डिस्टिल्ड पाण्याने. खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिलं आणि फडक्यावर उपडं घातलं.