आधी तोंडी सांगून पाहा

"अर्धी लाकडं मसणात गेली माहीवाली," भैय्याजी माझ्या कानाशी पुटपुटले, "अन् आता पत्र लिहाले शिकून राहिलो. लेकराची शाळा होय का हे?"

"हळू बोला. साहेब पाहून राहिले."

साहेब पाहतच होते. सत्त्याऐंशी सालचा उन्हाळा होता. आमच्या खत-बियाण्याच्या सहकारी संस्थेचं मुख्य कार्यालय सौंसरला. तिथल्या हॉलमध्ये युरियाची पोती भिंतीकडं सरकवून सतरंजी टाकली होती, आणि साऱ्या शाखांची माणसं मांडी घालून बसली होती. पांढुर्णा शाखेचे आम्ही तिघं. भैय्याजी व्यवस्थापक. मी आवक-जावक आणि टाइपरायटर. आणि दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसलेला सुखदेव, गोदामात काट्यावर पोती तोलणारा. त्याला खरं तर बोलावलेलं नव्हतं. पण भैय्याजींचा डबा धरायला कोणी तरी पाहिजे होतं.

नवे सचिव धोटे साहेब पत्रव्यवहार सुधारायला निघाले होते. सुधारायला जागा भरपूर होती. आम्ही घरात मराठी बोलणारी माणसं, आणि राज्य मध्यप्रदेश, म्हणून ऑफिसचा कागद हिंदीत. 'सविनय निवेदन है' लिहिलं की आमची कंबर आपोआप वाकायची आणि मग पत्रभर सरळ व्हायचीच नाही. साहेबांनी नमुना म्हणून भैय्याजींचंच एक पत्र वाचून दाखवलं. अर्धं पान साहेबांची कृपादृष्टी, त्याखाली संस्थेची उत्तरोत्तर प्रगती, आणि पार तळाशी, सहीला टेकून, गोदामाचं छप्पर गळतं ही गोष्ट. हॉल हसला. भैय्याजींचे कान लाल झाले.

"उभे राहा भैय्याजी," साहेब म्हणाले. "कागद विसरा. मी समोर उभा आहे. काय पाहिजे ते मला तोंडी सांगा."

भैय्याजी उठले. धोतर सावरलं. मग एकदम म्हणाले, "गोदाम गळून राहिलं साहेब. पोते भिजून राहिले. पत्रे धाडा."

"हेच लिहा!" साहेबांनी टाळी वाजवली. "ज्याला लिहायचं तो समोर उभा आहे असं समजा, आणि आधी तोंडी सांगून पाहा. त्याच्या तोंडावर सांगता आलं, तेवढंच लिहा. जे सांगता येत नाही ते कागदावरही नको. कोण, कुठं, केव्हा, काय पाहिजे. बस."

मला माणूस आवडला. माझी शाळा चौथीत सुटलेली. पुढचं सारं मी पुड्यांचे कागद वाचून आणि घरी बसून परीक्षा देऊन जमवलेलं. मला कोणी पहिल्यांदाच सांगत होतं, की तू बोलतेस तसं लिहिलंस तरी चालतं. परत आल्यावर मी ते छपराचं पत्र तीन ओळींत टाइप केलं आणि आठवड्यात पत्रे आले. भैय्याजी नव्या छपराकडं पाहून म्हणाले, "शोभाबाई, एवढी वर्षं मी कायले हो देवाची आरती लिहीत होतो?"

आम्ही सुधारलो होतो. मग पोळा आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा. या काठावर पांढुर्ण्याची माणसं, त्या काठावर सावरगावची, आणि झेंडा कोण नेतो यावरून दिवसभर एकमेकांवर दगडांचा मारा. दुसऱ्या दिवशी ऑफिसाऑफिसांतून रजेचे अर्ज येतात. डोक्याला पट्टी, हात गळ्यात, आणि अर्जात 'घर की सीढ़ी से फिसल गया'. पांढुर्ण्यातल्या अर्ध्या घरांना उंबऱ्यापलीकडं पायरी नाही. पण त्या एका दिवशी सारं गाव पायरीवरून पडतं. 'गोटमार' हा शब्द मी माझ्या आवक रजिस्टरात कधी चढवला नाही, कारण तो कधी आवकच झाला नाही. लागलेल्या गोट्याला देवीचा प्रसाद म्हणतात. आणि गोटा कोणाचा, हे विचारायची रीत नाही.

सुखदेव कधी गोटमारीला गेला नव्हता. त्याच्या मोहल्ल्यातलं बुद्धविहार सुट्टीच्या दिवशी झाडून-पुसून काढायचं, हा त्याचा नेम. पण आमचं गोदाम पलीकडं, सावरगावच्या काठावर, नदीकडं तोंड करून आहे, आणि खिडक्यांना काचा. पोळ्याच्या संध्याकाळी भैय्याजी त्याला म्हणाले, "उद्या सकाळी खिडक्यांले पोते बांधून येजो गा."

"उद्या सुट्टी आहे ना भैय्याजी. आताच बांधतो."

"आता अंधार पडून राहिला. सकाळी बांध. तासाचं काम आहे."

मी तिथंच होते. पिशवी भरत होते.

सकाळी किल्ल्या उशिरा मिळाल्या, आणि तोवर नदीवर सुरू झालं होतं. सुखदेव शिडीवर होता. गोटा डाव्या डोळ्यावर बसला. त्याला खांद्यावर टाकून नदीपार दवाखान्यात नेलं ते भैय्याजींच्या मुलानं, विजयनं. विजय म्हणजे पंचविशीतला दांडगा पोरगा. त्याची गोफण साऱ्या काठाला ठाऊक. नागपूरला डोळा काढला. विजयनं त्या दिवसापासून गोफण माळ्यावर टाकली आहे आणि धड जेवत नाही, असं त्याची आई मला बाजारात सांगत होती. "पोराचं मन लय हळवं आहे हो," म्हणाली. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं भेंड्या निवडायला घेतल्या.

सुखदेव आठ वर्षं रोजीवर होता, आणि त्याला कायम करायचा कागद तेव्हाच सौंसरला गेलेला होता. नियम सरळ होता: कामावर असताना इजा झाली असेल तर जागा राहते, कायम व्हायचंही अडत नाही. स्वतःच्या चुकीनं झाली असेल, तर रोजीवरच्या माणसाचं नाव कमी करायला कारणही लागत नाही. एका डोळ्याच्या माणसाला दुसरं कोण काट्यावर उभं करणार होतं?

म्हणून मी पत्र लिहिलं. शिकवल्याप्रमाणं. कोण, कुठं, केव्हा, काय पाहिजे. हिंदीत होतं, इथं मराठीत सांगते: 'सुखदेव, तोलाईवाला, गोटमारीच्या दिवशी शाखा व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून गोदामाच्या खिडक्यांना पोती बांधत असताना दगड लागून त्याचा डावा डोळा गेला. तो कामावर होता. त्याची जागा कायम ठेवावी.'

भैय्याजींनी ते दोनदा वाचलं. मग पेन काढून 'शाखा व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून' एवढं खोडलं. "बाकी लय छान आहे," म्हणाले, आणि सही केली.

सौंसरहून पत्र परत आलं. लाल शाईनं 'गोटमार' खोडलेलं, समासात शेरा: धार्मिक विषय नको, सुधार करें. मी टाइप करून धाडलं. पुन्हा परत. आता 'दगड' गेला. दगड कुठून आला असा प्रश्न उपस्थित होतो, म्हणून 'काही वस्तू' लिहावं. मी धाडलं. पुन्हा परत. वस्तू अस्पष्ट आहे, म्हणून ती वगळावी. आणि सुट्टीच्या दिवशी गोदाम उघडायचा आदेश रेकॉर्डवर नाही, म्हणून 'कामावर होता' हेही वगळावं.

एवढा राग मला कधी आला नव्हता. सासरी आला नाही, आणि तिथं सोय भरपूर होती. छपराला भोक पडलं तर कोण, कुठं, केव्हा पाहिजे. आणि माणसाच्या तोंडाला भोक पडलं की साऱ्यांची शाई पातळ. धोटे साहेब काही विलायतेहून आले नव्हते. सौंसरचा माणूस, गोटमार म्हणजे काय हे त्यांना पाळण्यापासून ठाऊक. पण तो कामावर होता हे लिहिलं तर सुट्टीच्या दिवशी, भर गोटमारीत माणूस नदीवर का धाडला, याचं उत्तर संस्थेला द्यावं लागणार, आणि त्या उत्तराखाली सही साहेबांची. खोडता खोडता शेवटी जो मसुदा त्यांच्याकडूनच बनून आला त्यात एकच ओळ उरली होती: 'कर्मचारी अपनी असावधानी से सीढ़ी से गिर पड़ा.'

हिंदीत पायरीही सीढ़ी आणि शिडीही सीढ़ी. शेवटी सुखदेवलाही पायरीवरून पाडलंच.

आणि मजा म्हणजे पडला तो खरंच होता. डोळा गेल्यावर माणूस शिडीवर उभा राहत नाही.

"मी हे टाइप करणार नाही," मी भैय्याजींना सांगितलं.

"शोभाबाई, कागद आहे तो. कागदाले काय एवढं मनावर घेता?"

"सुखदेवची भाकर आहे त्या कागदावर."

 ते चष्मा पुसत बसले. काच स्वच्छ होती.

मग दसऱ्याआधी साहेब स्वतःच जीपनं आले, त्या ओळीवर सुखदेवची सही घ्यायला. दुपारची वेळ. सुखदेव आला होता, डोळ्यावर हिरवं फडकं बांधून, सोबत त्याची बायको पंचफुला. मी खुर्च्या दिल्या. सुखदेव बसला नाही. पंचफुला बसली, पदर खोचून, ऐसपैस.

"साधी गोष्ट आहे," साहेब म्हणाले. "यावर सही झाली की प्रकरण संपतं. संस्था सहानुभूती म्हणून काहीतरी मदत करील."

"अन् नोकरी?" पंचफुलानं विचारलं.

"आता असावधानी म्हटल्यावर... नियम आहेत."

"वाचून दाखवा ना साहेब. आम्हाले कुठी वाचता येते."

साहेबांनी वाचलं. ओळ लहान होती, लवकर संपली.

"एवढंच?" पंचफुला म्हणाली. "लय गोरा केला हो कागद तुम्ही. घासून घासून. त्यात आमचा डोळा बी दिसून नाही राहिला."

"चूप वो," सुखदेव म्हणाला. मग माझ्याकडं वळून हळूच, "जाऊ द्या बाई. भैय्याजीनंच मले नोकरीले लावलं होतं. देवीचा प्रसाद समजू. कुठं करू सही?"

"तुले कवापासून देवी पावून राहिली?" पंचफुला म्हणाली. "आपल्या घरी देवी आहे का? दुसऱ्याचा प्रसाद आपल्याच ताटात कसा?"

सुखदेवनं पेन उचललं. चुकीच्या बाजूला हात गेला. एका डोळ्यानं कागद कुठं आहे याचा अंदाज त्याला अजून येत नव्हता. पेनची निब टेबलावर घासली. भैय्याजींनी मान फिरवली.

मी कागद ओढून घेतला.

"बाई!" साहेब म्हणाले.

"साहेब, सौंसरला सतरंजीवर बसवून तुम्हीच शिकवलं. मी उतरवून ठेवलं नाही, पण पाठ आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं..."

"ज्याला लिहायचं, म्हणालो होतो."

"बरं, ज्याला. मग हा कागद कोणाला आहे? तुम्हीच लिहिलाय, तुम्हालाच यायचा आहे, मधे फक्त याची सही. म्हणजे सांगायचंय ते यालाच ना? हा समोर उभा आहे. तोंडी सांगा त्याला. सुखदेव, तू तुझ्या चुकीनं पडलास. एवढंच वाक्य आहे. त्याच्या तोंडाकडं पाहून सांगा, मी आत्ता टाइप करते, कार्बन घालून."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "याची काही आवश्यकता नाही. मी त्या दिवशी इथं नव्हतो. मी कसं सांगणार?"

"खरं आहे," मी म्हटलं. "मग पत्रावर सही ज्यांची, ते सांगतील. भैय्याजी, तुम्हाला सांगता येतं. छपराचं सांगितलं होतं."

त्यांचा मला राग होता, आणि तरी ते उठले तेव्हा त्यांना बसा म्हणावंसं वाटलं. वीस वर्षांत हा माणूस कोणावर ओरडला नव्हता. माझ्या प्रत्येक परीक्षेच्या वेळी यांनी रजा दिली, कारण विचारलं नाही. चांगल्या माणसाला गप्प राहायला किती सोपं जातं. सारेच त्याला साथ देतात.

भैय्याजी टेबलाला वळसा घालून सुखदेवसमोर आले. धोतर सावरलं.

"सुखदेव," ते म्हणाले. "तू... तुह्या चुकीनं..."

सुखदेव त्यांच्याकडं पाहत होता. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. उलट जरा पुढं झुकला होता, म्हाताऱ्याला शब्द सापडत नाही तर आपणच पुरवावा, असा.

"हव भैय्याजी," तो म्हणाला. "माह्या चुकीनं."

"नाही," भैय्याजी म्हणाले.

त्यांनी टेबलाची कड धरली. बाहेर जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, साहेब उठू लागले, आणि पंचफुलानं हात आडवा करून त्यांना बसवलं.

"नाही गा," भैय्याजी पुन्हा म्हणाले. "तू नाही म्हणत होता. सुट्टी आहे म्हणत होता. मी धाडलं तुले. अन् तो गोटा देवीचा नोहता. आमच्या विजयच्या गोफणीतला होता."