चांगला वाटा

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती आणि त्या लाँड्रीत थोरलीचा शब्द चालायचा. वरच्या वॉर्डांतून मळक्या चादरींचे गठ्ठे उतरायचे, मोठ्या मशिनांत घुसळून निघायचे, गरम रुळांतून दाबून बाहेर पडायचे आणि लांबलचक टेबलावर त्यांच्या घड्या व्हायच्या. घडीचा कोपरा बोटभर जरी सरकला तरी थोरली ती चादर झटकून पुन्हा घालायला लावायची. हाताखालच्या बाया पाठीमागे म्हणायच्या, हिला स्वर्गात नेलं तर ही तिथल्या ढगांनाही इस्त्री करत बसेल. थोरलीच्या कानावर ते आलं होतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं तिला काही दिसलं नव्हतं.

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिला कोण सांभाळणार हा प्रश्नच निघाला नाही. थोरलीनं तिला आपल्या घरी आणलं, रस्त्याकडच्या खोलीत खिडकीला लागून तिचा पलंग टाकला. आईचा उजवा हात गेला होता, नजर अंधुक झाली होती, जीभ जड पडली होती. डोकं मात्र शाबूत होतं. थोरली उजाडायच्या आत उठायची. आईला कुशीवर वळवून पाठ पुसायची, खालची चादर बदलायची, औषधं द्यायची, स्वयंपाक उरकायची आणि मग कामाला जायची. इतक्या महिन्यांत आईच्या पाठीवर तिनं एक व्रण पडू दिला नाही. डॉक्टर म्हणाले होते की वॉर्डातल्या नर्सनाही हे जमत नाही. हे वाक्य थोरलीनं मनात जपून ठेवलं होतं.

अशात धाकटी बहीण आली. ती एका मोठ्या दुकानात टेलिफोनवर बसायची. दुकान बंद पडलं, लग्न केलेलं नव्हतं, तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. धाकटीचं सगळं निवांत. ती आईच्या पलंगाशी खुर्ची ओढायची आणि तिथंच दिवस काढायची. आईचे केस विंचरायची, खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांचं वर्णन करायची. हा बघ टोपीवाला पुन्हा छत्री विसरलाय, ती बघ समोरची नवऱ्याच्या पुढं चार पावलं चाललीय, म्हणजे आज भांडण. आई अर्ध्या तोंडानं हसायची. तोवर आत दूध उतू जाऊन शेगडीवर सांडलेलं असायचं. थोरली कामावरून आली की आधी शेगडी घासायची. ती बोलत काही नसे, पण भांडी तिच्या वतीनं बोलत.

गुरुवारी थोरलीची सुट्टी असायची. त्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरचे मास्तर आईला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायला येत. आयुष्यभर रोज वाचलं, आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून आईनंच त्यांना विनंती केली होती. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते आणि वाचायचे तेही वर्गाला शुद्धलेखन घालावं तसं, एका सुरात, स्वल्पविरामाला थांबून. स्वतःचं एक अक्षर त्यात घालत नसत. ऐकायला घरची माणसं, शिवणकाम करणारी शेजारीण, आणि पाळी नसली तर थोरलीचा नवरा. तो बस चालवायचा. बसायची खुर्ची मिळाली आणि पुढं रस्ता नसला की त्याला झोप यायची.

त्या गुरुवारी मास्तरांनी दोघी बहिणींची गोष्ट वाचली. प्रभू त्यांच्या घरी उतरतो. एक बहीण त्याच्या पायाशी बसून त्याचं बोलणं ऐकते, दुसरी पाहुणचाराच्या कामात बुडालेली. शेवटी ती येऊन गाऱ्हाणं घालते की हिनं सगळं माझ्या एकटीवर टाकलंय, हिला जरा उठायला सांगा. तो तिला नावानं हाक मारतो, दोनदा, आणि म्हणतो की तू कितीएक गोष्टींची काळजी वाहतेस. गरज एकाचीच आहे. हिनं चांगला वाटा निवडलाय, तो हिच्याकडून काढून घेतला जाणार नाही.

गोष्ट एवढीशीच. थोरली त्या वेळी हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. भरल्या घरात कुणी आपलं नाव घेऊन बोट दाखवावं तसं तिला झालं.

शेजारीण फटकळ होती. ती म्हणाली की मी त्या बाईच्या जागी असते तर पाहुण्यालाच विचारलं असतं, मग संध्याकाळी पानात काय वाढू, उपदेश? नवरा जागा होऊन म्हणाला, खरंच, मग जेवली का मंडळी शेवटी? मास्तरांनी गंभीरपणे पान पाहिलं आणि तसं काही दिलेलं नाही असं सांगितलं. सगळे हसले. धाकटी हसली नाही, ती आपल्या बोटांकडे पाहत राहिली. आई डोळे मिटून पडली होती आणि डोळ्याच्या कडेनं पाणी ओघळत होतं. तिनं ती गोष्ट पुन्हा वाचायला सांगितली. मास्तरांनी पुन्हा वाचली. चहा निवला.

मास्तर निघाले तेव्हा थोरली त्यांच्या पाठोपाठ जिन्यापर्यंत गेली. तिनं विचारलं, "आजचं वाचन कुणी निवडलं, मास्तर? धाकटीनं?"

"नाही हो ताई," मास्तर म्हणाले, "काकूंनी. गेल्या खेपेलाच सांगून ठेवलं होतं त्यांनी."

धाकटीचं नाव निघालं असतं तर थोरली भांडून मोकळी झाली असती. आईचं नाव निघालं आणि भांडायला कुणी उरलंच नाही. ज्या आईची पाठ मी पुसते, तिनं माणसं जमवून मला हे ऐकवलं? तिच्या मनानं एकदा जे धरलं ते धरलं. दुसऱ्या आठवड्यापासून तिनं आपली सुट्टी सोमवारवर घेतली. गुरुवारी ती लाँड्रीत, वाफेत आणि मशिनांच्या घरघरीत. तिथं कुणी काही वाचून दाखवत नव्हतं.

आणि घरात एक नवा टोमणा जन्माला आला. धाकटी उठून पाण्याचा ग्लास आणायला निघाली की थोरली म्हणायची, असू दे, तू आपला चांगला वाटा सांभाळ. जेवायला उशिरा आली की, बरोबर आहे, चांगल्या वाट्याला घाई कशाला. नवऱ्यानं एकदोनदा बोलून पाहिलं, अगं, पुरे की आता. तिनं ऐकलं नाही.

आई अधूनमधून तिला हाताशी बोलवायची. एकदा चादर बदलून झाल्यावर तिनं डाव्या हातानं थोरलीचं मनगट धरलं आणि म्हणाली, "बस. एक सांगायचंय."

"सांग ना, ऐकतेय मी."

"अशी नाही. बस."

"आले, एवढे अभ्रे घालून आलेच."

अभ्रे घातले, मग औषधाची वेळ झाली, मग कुकर लावला. परत आली तर आईचा डोळा लागला होता. असं पुढंही झालं. थोरलीला वाटायचं, काय सांगणार आहे ते मला ठाऊक आहे, पुन्हा तोच धडा. म्हणून ती हातातलं काम थोडं जास्तच लांबवायची. हे तिनं त्या वेळी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

धाकटीनं तिच्या परीनं सुधारायचा प्रयत्न केला. एका सकाळी थोरली घरी नाही असं पाहून तिनं आईचं आवडतं लोकरी जाकीट धुतलं, इस्त्री करायला घेतलं आणि जाळलं. थोरली परतली तेव्हा शेजारीणही बसलेली होती. छातीवर इस्त्रीचा पिवळा डाग असलेलं ते जाकीट थोरलीनं सगळ्यांसमोर हातात धरलं.

"तुला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली. "तुझा वाटा तुझ्याकडून कुणी काढून घेत नाही, शास्त्रातच लिहिलंय. माझ्या वाट्यात कशाला हात घालतेस?"

आई पलंगावर सगळं ऐकत होती. तिनं काही बोलायला तोंड उघडलं, पण घाईत तिची जीभ वळत नसे. तिचे शब्द जुळेपर्यंत धाकटी खोलीबाहेर गेली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकटीनं बॅग भरली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका कचेरीत तिला पुन्हा टेलिफोनवरचं काम मिळालं, तिथंच तिनं खोली घेतली. जाताना आईपाशी बराच वेळ बसली. थोरलीला मात्र नुसतं, येते ताई, एवढंच म्हणाली. थोरलीनं दिवसभरासाठी एक बाई ठेवली. बाई कामाला चोख होती. शेगडीवर आता दूध सांडत नव्हतं. पण आईनं खिडकीकडे तोंड करायचं सोडलं. बाहेर कोण चाललंय हे तिला दिसत नव्हतंच, आणि सांगणारी गेली होती. मास्तर गुरुवारी यायचे, वाचायचे, एकटी आई ऐकायची.

थंडी संपता संपता आई गेली. सोमवार होता, थोरली घरीच होती. मागच्या मोरीत ती आईच्याच चादरी खळबळत होती आणि नळ पूर्ण सोडलेला होता. हात पुसत आत आली तेव्हा आई शांत होती, नेहमीपेक्षा जास्तच शांत. डावा हात पलंगाच्या बाहेर, दाराच्या दिशेनं आलेला. आईनं हाक मारली होती की नाही, हे थोरलीला कधीच कळायचं नव्हतं.

धाकटी आली, सगळं पार पडलं, माणसं पांगली. त्यानंतरच्या एका दुपारी दोघी बहिणी आईची खोली आवरत होत्या. मोठ्या चादरीची घडी एकटीला नीट जमत नाही. म्हणून दोघींनी दोन दोन टोकं धरली, ताणली, जवळ आल्या, टोकं जुळवली, पुन्हा लांब गेल्या. जवळ येण्याच्या एका खेपेला धाकटीनं चादर सोडलीच नाही.

"ताई, एक सांगू? तू रागावशील."

"सांग."

"त्या गुरुवारी मला वाटलं होतं, आईनं ते मला टोचायला वाचायला लावलं. मी रिकामी बसते म्हणून. बसणारीला चांगलं म्हटलंय खरं, पण माझ्या डोक्यात त्या दुसरीचं गाऱ्हाणंच घुमत राहिलं. सगळं माझ्यावर टाकलंय म्हणणारं. मी आईला तसं विचारलं."

"मग?" थोरलीनं विचारलं.

"आई म्हणाली, तुम्ही दोघींनी चुकीचं ऐकलंत. म्हणाली, त्यानं तिला दोनदा हाक मारलीय, ते तुम्हाला ऐकू आलं नाही का? रागावलेला माणूस नाव एकदाच घेतो. दोनदा घेतो तो जवळ बोलवायला, मायेनं. म्हणाली, माझी थोरली राबून राबून झिजतेय, तिला मी बस म्हटलं तर ती ऐकत नाही. त्यानं म्हटलेलं तरी ऐकेल म्हणून वाचायला सांगितलं."

थोरलीच्या हातातली टोकं खाली आली. तिनं विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते," धाकटी म्हणाली. "पण तू तोवर टोमणे मारायला लागली होतीस. मला वाटलं, राहू दे, जळू दे हिला जरा. जाताना सांगायचं ठरवलं होतं. तेव्हाही ओठांवर आलं आणि गिळलं. मला काय माहीत आई इतक्या लवकर..."

थोरली रागावली नाही. रागावण्याचा हक्क आपण कधीच खर्चून टाकलाय हे तिला दिसत होतं. ती पलंगाच्या कडेवर टेकली, आईचे पाय असायचे त्या जागी, आणि धाकटीला म्हणाली, "परत ये राहायला."

धाकटीनं नकारार्थी मान हलवली. तिला कचेरीतलं काम आवडू लागलं होतं, खोलीचीही सवय झाली होती. आता येऊन मी काय करू इथं, असं ती म्हणाली.

थोरलीनं एवढंच केलं. सुट्टी पुन्हा गुरुवारवर घेतली आणि मास्तरांना निरोप धाडला. मास्तर आले. तिनं त्यांना तीच गोष्ट वाचायला सांगितली, पुढच्या गुरुवारांनाही. त्यांनी वाचली, नेहमीसारखीच, एका सुरात. दोनदा घेतलेल्या नावातही त्यांच्या आवाजात काही माया-बिया नव्हती. ती ऐकणाऱ्यानंच आणायची होती. थोरलीनं आणू पाहिली. काही गुरुवारी तिला त्या हाकेत आईचा जड जिभेचा आवाज यायचा. काही गुरुवारी मात्र तिला पुन्हा पहिलंच ऐकू यायचं, भरल्या घरात लागलेला बोल, आणि चहाचा ट्रे हातात घेऊन ती दारात उभी असायची. एकदा चुकीचं ऐकलेलं कानातून पुरतं निघत नाही. समजावून सांगणारी होती तेव्हा तिच्याशेजारी बसायला सवड काढली नव्हती.

धाकटी जमेल त्या गुरुवारी यायची. पलंग आता हॉस्पिटलला देऊन टाकला होता. त्या जागी दोन खुर्च्या होत्या. वाचन झालं, मास्तर गेले की दोघी तशाच बसायच्या. थोरलीला काही न करता बसणं जड जायचं. हात मांडीवर ठेवले तर बोटं आपोआप साडीचा काठ सारखा करायला लागायची. एकदा धाकटीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "ताई, तुला चैन पडत नाहीये. जा, काय असेल ते आवरून ये. मी आहे इथं."

"नाही," थोरली म्हणाली. "बसते."

आणि ती खिडकीबाहेर बघत बसून राहिली. रस्त्यावरून माणसं जात होती. त्यांच्याविषयी काय सांगावं हे तिला सुचत नव्हतं. धाकटी बोलेल म्हणून ती वाट पाहत राहिली, पण धाकटीही गप्पच होती.