मधल्या देशाची तक्रार

त्या वर्षी इंग्लंडात रीडिंगला, माझ्या मुलाकडे, अनिशकडे, आम्ही दोघी विहिणी एकदमच येऊन पडलो. मी पुण्याची. सुनेची आई शैलाताई नागपूरच्या. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या आमटीचा भुरका मारून त्या म्हणाल्या, "आमटी आहे की शिरा?" झालं. अबोला सुरू.

आता अबोल्यातही बोलावं लागतंच, फक्त तिसऱ्याच्या तोंडून. आमचं तिसरं तोंड म्हणजे आमची नात, अकरा वर्षांची स्वराली.

"नागपूरच्या आजीला सांग, गॅस मोकळा झाला."

"पुण्याच्या आजीला विचार, हीटिंग कधी बंद करणार?"

पोर जिन्यावरून सारखी वर-खाली.

एका शनिवारी ती बॅग भरायला लागली. "मी वरदाकडे राहणार. तुम्ही दोघी इंडियाला जाईपर्यंत." वरदा म्हणजे तिची मैत्रीण.

अहो, मी आले होते ती तिच्यासाठी. आमटी काय, पुण्यातही करता येते! गोष्ट सांगितली की ही थांबते, एवढं मला ठाऊक. शाळेत तिला कोल्ड वॉर शिकवत होते, म्हणून म्हटलं, "अमेरिका-रशियाच्या त्या भांडणाला कोल्ड का म्हणतात, सांगू? दोन्ही पुढारी बर्फात टेबल टाकून बसले. आधी चहा मागेल तो हरला! चाळीस वर्षं कुणी मागेचना. मिशा अशा गोठल्या, की हातोडीने फोडाव्या लागल्या."

ती हसली नाही. "खोटं, आजी. कोल्ड, कारण ते दोघं एकमेकांवर डायरेक्ट कधी फायरच नाही केले. लढाई झाला, पण दुसऱ्यांच्या देशात. तिथले लोक मेले." झिप ओढत म्हणाली, "आपल्या घरात तो देश मी आहे."

मला थापा कधी कमी पडत नाहीत. पण ही वेळ थापेची नव्हती.

तशीच किचनमध्ये गेले. शैलाताई पाठ करून कणीक मळत होत्या.

"शैलाताई, शिरा म्हणालात ते मला लागलं. आणि तुमच्या रश्श्याने माझे कान दोन दिवस वाजत होते, तेही ऐका."

त्यांचे हात थांबले. दारात स्वराली येऊन उभी होती. सवयीने त्या तिच्याकडे वळल्या, "तुझ्या आजीला सांग..."

"मी इथेच आहे. मला सांगा."

मग सांगितलं की! चांगला अर्धा तास, कणकेचे हात नाचवत. मीही सोडलं नाही.

बाहेर स्वरालीने वरदाला फोन लावला. "आज नाही येत. दोघी आजी भांडतायत. नाही गं, माझ्याशिवाय!"