शेवंतीचं दुखणं

विधी ही फैजपूरच्या कापड दुकानदाराची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने आणि तिच्या वर्गातल्या हितेंद्रने मिळून दहा-बारा जणांचा गट जमवला होता. केळीच्या मळ्यांवर कामाला आलेल्या मजुरांच्या वस्त्यांवर जायचं, मुलांची नावं शाळेत घालायची आणि सिकलसेलची माहिती द्यायची, हे त्यांचं काम. आईबापांकडून मुलांत उतरणाऱ्या या रक्ताच्या आजाराची चित्रं विधीने स्वतः काढली होती. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या कशा होतात, मग हातपाय कसे ठणकतात, हे ती छान समजावून सांगायची.

नऊ वर्षांची शेवंती ही तिने शाळेत घातलेली पहिली मुलगी. आईवडील, झुंबरबाई आणि लोटन, धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याकडून आलेले भिल्ल मजूर. पोरगी चार महिन्यांत अडखळत का होईना, धडा वाचायला लागली. पण मधूनच दोन-तीन दिवस शाळेत दिसायची नाही. विधी वस्तीवर गेली की लोटन सांगायचा, "ताई, पोरनं आंग दुखस. दोन दिन घर ऱ्हाऊ द्या."

धाकट्या भावाला, रतनला, सांभाळायला पोरीला मागे ठेवतात, असं विधीने धरून चाललं. दुसऱ्या वस्त्यांवर तिने तेच पाहिलं होतं. रक्त तपासायचं शिबिर झालं त्या दिवशी ही माणसं केळी कापायला गेली होती. पुन्हा तपासणी ठेवू म्हणता म्हणता राहून गेली.

डिसेंबरात शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या. सकाळी कडाक्याची थंडी होती. विधी तिला न्यायला वस्तीवर आली तेव्हा शेवंती गोधडीत गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. विधी लोटनला जरा कडकच बोलली, असे बहाणे करून पोरीचं नुकसान करू नका म्हणाली. झुंबरबाईने पोरीची वेणी घातली आणि विधीने तिला स्कूटीवर मागे बसवून नेलं.

शेवंती धावण्याच्या शर्यतीत उतरली. अर्ध्यावरच ती खाली बसली. दुपारी ताप चढला, छातीत दुखायला लागलं, श्वास घेता येईना. विधी आणि हितेंद्रने तिला जळगावला हलवलं. सिकलसेलचं निदान तिथे झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंती गेली. लोटन तिला गावी घेऊन गेला.

विधी आठ दिवस घराबाहेर पडली नाही. चूक तुझी एकटीची नाही, असं हितेंद्र समजावत होता. पण तिला एकच दिसत होतं, की ती जगाला सांगत फिरत होती तेच दुखणं लोटन तिला तोंडाने सांगत होता. शेवटी रतनचं रक्त तपासायला हवं, एवढ्यासाठी ती उठली.

नरडाण्याजवळच्या त्या गावात ती हितेंद्रबरोबर गेली, तेव्हा लोटन तिला पाहून घरात निघून गेला. झुंबरबाई ओट्यावर बसून राहिली. विधीने जे झालं ते काही न लपवता सांगितलं. मला कळायला हवं होतं, मी खोटं समजले, म्हणाली.

झुंबरबाईने रतनला जवळ ओढलं. मग म्हणाली, "तुम्ही सांगं ते आम्ही आयकं. आम्ही सांगं ते तुम्ही आयकं नई."

विधीने मान खाली घातली. रतनच्या तपासणीचं बोलायला तिची जीभ उचलेना. ते हितेंद्रने सांगितलं.

दोन दिवसांनी झुंबरबाई रतनला घेऊन धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आली. रिपोर्ट आला तेव्हा विधी शेजारी उभी होती. रतनलाही तोच आजार होता. झुंबरबाई रडली नाही. गोळी कोणती, किती वेळा, पाणी किती पाजायचं, थंडीत काय करायचं, हे तिने डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

बाहेर आल्यावर विधीने शाळेचं नाव काढलं नाही. झुंबरबाईनेच काढलं.

"पोऱ्याले शाळामा कधी धाडानं, ते मी सांगसू," ती म्हणाली. रतनला कडेवर घेऊन ती बसस्टँडच्या दिशेने चालू लागली. विधी दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि तिला पहिल्यांदाच मोकळं रडू आलं.